शब्दांचे अस्सल कागद

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला, तेव्हा जॉर्ज ऑक्झिंडेनने मूठभर माणसांनिशी इंग्रजांची 'फॅक्टरी' राखली. त्या शतकातल्या इंग्रजी पत्रव्यवहारात सुरत, राजापूर, कारवार इथल्या फॅक्टऱ्यांचे उल्लेख वारंवार येतात. आजचा अर्थ मनात धरून ही पत्रे वाचली, तर इंग्रजांनी तिथे कारखाने काढले होते असा समज होईल. प्रत्यक्षात तिथे कसलाही माल तयार होत नव्हता. 'फॅक्टर' म्हणजे दुसऱ्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा व्यापारी प्रतिनिधी. असे प्रतिनिधी जिथे राहत, माल साठवत आणि हिशेब लिहीत, ती जागा म्हणजे फॅक्टरी. आपल्या इतिहासकारांनी तिला 'वखार' म्हटले ते अगदी अचूक आहे.

इंग्रजीत असे हजारो शब्द आहेत. रूप तेच, पण अर्थ पार बदललेला. 'नाईस' हा आजचा गोड शब्द १३०० च्या सुमारास 'मूर्ख' या अर्थाने वापरला जाई. पुढे तो 'चोखंदळ', मग 'काटेकोर' झाला आणि अठराव्या शतकात 'छान'पर्यंत पोचला. 'सिली'ची वाट याच्या उलट. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ होता धन्य, सुखी. मग तो निष्पाप, बापुडा असे करत 'खुळा' या अर्थावर येऊन थांबला. 'गर्ल' हा शब्द चौदाव्या शतकात मुलगा असो वा मुलगी, कुठल्याही लेकराला लागू होता. 'डिअर' म्हणजे आज हरीण, पूर्वी कोणतेही जनावर. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये उंदीर-घुशीही त्यात मोडतात. मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. 'मृग' हा शब्दही मुळात वन्य पशूसाठी होता. म्हणून तर सिंहाला मृगेंद्र आणि माकडाला शाखामृग म्हणत आले.

कोणत्या साली कोणत्या शब्दाचा काय अर्थ होता हे पुराव्यानिशी सांगणारे पुस्तक मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजीत नव्हते. ते उभे करायला १८५७ ते १९२८ अशी ७१ वर्षे लागली. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या कोशाची ही हकिगत आहे.

न्यायाधीश की इतिहासकार

इंग्रजीतला पहिला एकभाषिक कोश रॉबर्ट कॉड्रीने १६०४ साली छापला. त्यात सुमारे अडीच हजार शब्द होते आणि तेही फक्त अवघड. रोजच्या शब्दांचा अर्थ कोशात कशाला द्यायचा, असा त्या काळचा विचार होता. पुढच्या दीडशे वर्षांत कोश फुगत गेले आणि १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा मोठा कोश आला. सुमारे ४२ हजार शब्द आणि लाखाहून अधिक अवतरणे! जॉन्सनने सहा मदतनीस हाताशी धरून, लंडनमधल्या घराच्या माळ्यावर बसून नऊ वर्षांत हे काम उरकले. भाषा एका जागी स्थिर करावी या इच्छेने तो कामाला लागला होता. काम संपवताना लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने प्रांजळपणे सांगितले की ही इच्छा कोणत्याही कोशकाराच्या आवाक्यातली नाही.

जॉन्सनने अवतरणे दिली, पण ती स्वतःच्या अभिरुचीने निवडलेल्या लेखकांची. बहुतेक अवतरणे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरची. त्यांना सालही नव्हते. मध्ययुगीन कवी चॉसरच्या काळातला शब्द अडला तर वाचकाने जायचे कुठे? चार्ल्स रिचर्डसनने १८३६-३७ मध्ये जुन्या ग्रंथांतली अवतरणे भरभरून छापली, पण व्याख्या जवळजवळ वगळून टाकल्या.

दरम्यान भाषेकडे पाहण्याची दृष्टीच बदलत होती, आणि त्या बदलाचे एक मूळ भारतात होते. १७८६ साली विल्यम जोन्सने कलकत्त्यातल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळच्या भाषा असाव्यात असे मांडले. त्यातून जर्मनीत तुलनात्मक भाषाशास्त्र उभे राहिले. शब्दाला वंश असतो, वय असते आणि तो नियमाने बदलतो हे विद्वानांना दिसू लागले. फ्रान्झ पासोने ग्रीक कोशासाठी एक तत्त्व मांडले: प्रत्येक शब्दाने आपली जीवनकथा स्वतः सांगावी, म्हणजे त्याची अवतरणे कालक्रमाने लावावीत. ग्रिम बंधूंनी त्याच वृत्तीने जर्मन भाषेचा कोश हाती घेतला. त्याचा पहिला खंड १८५४ साली निघाला, आणि इंग्रजी मागे पडल्याची बोच लंडनच्या विद्वानांना लागली.

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने जून १८५७ मध्ये, कोशांत न आलेले शब्द गोळा करण्यासाठी एक समिती नेमली. तिच्यात तिघे होते: वेस्टमिन्स्टरचे डीन रिचर्ड चेनेव्हिक्स ट्रेंच, कवी कोलरिजचा नातू हर्बर्ट कोलरिज आणि फ्रेडरिक फर्निव्हल. नोव्हेंबरमध्ये ट्रेंच यांनी सोसायटीपुढे दोन निबंध वाचले आणि प्रचलित कोशांतले सात दोष मांडले. लोप पावलेल्या शब्दांची नोंद अपुरी आहे, शब्द भाषेत केव्हा आला आणि केव्हा गेला हे कळत नाही, मधले अर्थ गाळले जातात, अशी ती यादी होती. तिच्या मुळाशी एक ठाम भूमिका होती. कोणता शब्द चांगला आणि कोणता वाईट याचा निवाडा करणे हे कोशकाराचे काम नव्हे, त्याने भाषेचा इतिहासकार व्हावे. जानेवारी १८५८ मध्ये सोसायटीने ठरवले की पुरवणी पुरेशी नाही, संपूर्ण नवा कोशच केला पाहिजे.

हे काम एका माणसाचे नाही, हेही ट्रेंच यांनीच सांगितले होते. इंग्रजीतले सगळे महत्त्वाचे ग्रंथ कोणीतरी वाचले पाहिजेत आणि त्यातले शब्द टिपून घेतले पाहिजेत. त्यासाठी वाचकांची फौज हवी होती, आणि तीही बिनपगारी.

अर्धवट पोती

हर्बर्ट कोलरिज पहिला संपादक झाला. वाचकांनी शब्द टिपून पाठवलेल्या चिठ्ठ्या ठेवण्यासाठी त्याने ५४ खणांचे एक फडताळ करून घेतले. त्यात लाखभर चिठ्ठ्या मावतील आणि ते भरले की कोशाचा मजकूर लिहायला घेता येईल, असा त्याचा हिशेब होता. एप्रिल १८६१ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी क्षयाने त्याला गाठले. दुखणे बरे होणारे नाही हे कळल्यावर त्याने उद्यापासून संस्कृत शिकायला घ्यायचा निश्चय बोलून दाखवला, अशी आख्यायिका आहे.

सूत्रे फर्निव्हलकडे आली. हा माणूस विलक्षण उत्साही. जुन्या हस्तलिखितांतले शब्द टिपायचे तर ती आधी छापली पाहिजेत, हे ओळखून त्याने १८६४ साली 'अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी' आणि १८६८ साली 'चॉसर सोसायटी' स्थापन केली. मध्ययुगीन इंग्रजी साहित्य आज छापील रूपात हाती येते त्याचे मोठे श्रेय या खटाटोपाला आहे. पण एका कामाला चिकटून बसणे फर्निव्हलच्या स्वभावात नव्हते. अक्षरे वाटून दिलेले उपसंपादक एकेक करून गळाले. कोणी वारले, कोणी परगावी गेले. वीस वर्षांत चिठ्ठ्यांचे ढीग वाढले आणि छापील पान एकही निघाले नाही.

शिंप्याचा मुलगा

जेम्स मरे १८३७ साली स्कॉटलंडच्या डेनहोम गावात एका शिंप्याच्या घरी जन्मला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, सतराव्या वर्षी तो शाळेत दुय्यम शिक्षक झाला. पुढे लंडनला आला आणि चार्टर्ड बँक ऑफ इंडियामध्ये कारकुनी करू लागला. भाषा शिकण्याचा त्याला ध्यास होता. युरोपातल्या बहुतेक भाषांशी परिचय आणि अनेकींवर पकड, एवढी शिदोरी सांगून त्याने १८६६ साली ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीसाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. १८७० पासून तो लंडनजवळच्या मिल हिल शाळेत शिकवू लागला. बोलीभाषांवरच्या त्याच्या अभ्यासामुळे फिलॉलॉजिकल सोसायटीत त्याचे वजन वाढले होते.

१ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाशी करार झाला आणि मरे संपादक झाला. चार खंड, सुमारे सात हजार पाने, मुदत दहा वर्षे. शाळेच्या आवारात त्याने पत्र्याची खोली उभारली आणि तिला 'स्क्रिप्टोरियम' म्हणजे लेखनशाळा असे नाव दिले. भिंतींना १,०२९ खण लावले. मग फर्निव्हलकडून चिठ्ठ्या येऊ लागल्या, वजनाने दोन टनांच्या आसपास. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात पिलांसह जिवंत उंदरीण. 'एच' अक्षराचे साहित्य इटलीत फ्लॉरेन्सला पडून होते. 'पीए'ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडल्या, पण तोवर बऱ्याचशा चूल पेटवण्यात संपल्या होत्या.

मरेने हे सारे लावायला घेतले आणि त्याच वर्षी इंग्रजी बोलणाऱ्या-वाचणाऱ्या सगळ्या जनतेला उद्देशून जाहीर आवाहन छापले. सूचना साध्या होत्या. दुर्मीळ, लोप पावलेला, जुनाट, नवा किंवा वेगळ्या अर्थाने आलेला शब्द दिसला की त्याची चिठ्ठी करा. अर्ध्या पत्रकागदावर डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, ग्रंथ, पान आणि ते पूर्ण वाक्य. शिक्षक, धर्मोपदेशक, डॉक्टर, घर सांभाळून वाचणाऱ्या स्त्रिया असे शेकडो लोक पुढे आले. ब्रिटनमधून आले तसे अमेरिकेतूनही आले. एडिथ आणि एलिझाबेथ थॉम्पसन या बहिणींनी तर पंधरा हजार अवतरणे पाठवली.

या आवाहनात एक खाचखळगा होता आणि तो मरेच्या लवकरच लक्षात आला. वाचक विचित्र शब्दांवर झडप घालत आणि साधे शब्द सोडून देत. 'अब्यूजन' या लोपलेल्या शब्दाच्या सुमारे ५० चिठ्ठ्या आल्या होत्या. 'अब्यूज' या रोजच्या शब्दाच्या पाचही नव्हत्या. साध्या शब्दांचे पुरावे शोधण्यात त्याचे आणि मदतनिसांचे पुष्कळ दिवस गेले. शब्द जितका वापरातला, तितका त्याचा माग काढणे कठीण.

सागरच्या किल्ल्यातून, ब्रॉडमूरच्या कोठडीतून

या कामाला दोन अमेरिकनांनी जे दिले त्याला तोड नाही. दोघांच्याही आयुष्याचा धागा आपल्या उपखंडाशी जुळतो.

पहिला फिट्झएडवर्ड हॉल. घरातून पळालेल्या भावाच्या शोधात तो १८४६ साली अमेरिकेहून निघाला आणि जहाज फुटल्याने बंगालच्या किनाऱ्यावर अडकला. इथेच राहून त्याने संस्कृत शिकले, बनारसच्या सरकारी संस्कृत कॉलेजात अध्यापन केले आणि संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या संपादित केल्या. पुढे शिक्षण खात्याचा निरीक्षक म्हणून तो मध्य भारतात गेला. १८५७ चा उठाव पेटला तेव्हा तो सागरला होता. गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून मराठ्यांचे ठाणे असलेल्या या गावच्या किल्ल्यात इंग्रज सात महिने कोंडले गेले. हॉल त्यांच्यात होता, हातात बंदूक घेऊन. ट्रेंच लंडनमध्ये आपले निबंध वाचत होते ते याच महिन्यांत. फेब्रुवारी १८५८ मध्ये सर ह्यू रोझ झाशीकडे जाताना सागरला पोचला आणि वेढा उठला.

हॉल नंतर इंग्लंडला गेला, संस्कृतचा प्राध्यापक झाला, विद्वानांशी भांडला आणि सफोकमधल्या खेड्यात एकटा राहू लागला. त्या एकांतात त्याला मरेचा कोश सापडला. सुमारे वीस वर्षे तो रोज चार-चार तास कोशाची मुद्रिते तपासत होता आणि प्रत्येक अर्थाचा आणखी जुना पुरावा स्वतःच्या वाचनातून जोडत होता. १९०१ साली तो वारला. मरे आणि तो एकमेकांना कधीही भेटले नाहीत. सारा स्नेह पत्रांतला.

दुसरा विल्यम चेस्टर मायनर, सिलोनमध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी १८३४ साली जन्मलेला. अमेरिकी यादवी युद्धात तो सैन्याचा शल्यचिकित्सक होता. पुढे त्याला भ्रमाने पछाडले. फेब्रुवारी १८७२ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात, आपल्या खोलीत कोणी घुसले होते या भासात, त्याने कामावर निघालेल्या जॉर्ज मेरेट नावाच्या मजुराला गोळ्या घालून ठार केले. न्यायालयाने त्याला वेडा ठरवून ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात ठेवले. तिथे त्याने जुन्या, दुर्मीळ पुस्तकांचा संग्रह केला. त्याची वाचनपद्धत इतरांहून वेगळी होती. प्रत्येक पुस्तकातल्या शब्दांची तो बारीक अक्षरात सूची करी आणि संपादक सध्या कोणत्या शब्दावर आहेत हे विचारून नेमकी तीच अवतरणे पाठवी. त्यामुळे त्याचे पाकीट हातातल्या शब्दाला तत्काळ उपयोगी पडे. गेल्या चार शतकांतले शब्द एकट्या मायनरच्या अवतरणांवरून दाखवता येतील, असे मरेने पुढे लिहिले. मेरेट कुटुंबाचे दुःख यामुळे कमी होत नाही. तरी आजाराने घेरलेल्या त्या माणसाने वीस वर्षे जे दिले, तेही नोंदीत राहायलाच हवे.

एक शब्द कसा उभा राहतो

जानेवारी १८८४ मध्ये पहिला भाग निघाला: 'ए'पासून 'अँट'पर्यंत, ३५२ पाने. करारातली निम्मी मुदत उलटली होती आणि पहिले अक्षरही पुरे झाले नव्हते. प्रकाशकांचा तगादा वाढला. मरेने शाळा सोडली आणि १८८५ साली तो ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवर राहायला गेला. घराच्या बागेत नवे स्क्रिप्टोरियम उभे राहिले. शेजाऱ्याच्या नजरेला आड येऊ नये म्हणून ते जमिनीत काही फूट खोल बसवले होते, त्यामुळे आत दमट गारठा असे. टपाल इतके येई-जाई की टपाल खात्याने त्याच्या दारासमोरच पेटी बसवली. त्याची अकरा मुले खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या अक्षरवार लावत. त्यांतल्या एल्सी आणि रॉसफ्रिथ पुढे कोशाच्या मदतनीस झाल्या.

कामाची रीत अशी होती. एका शब्दाच्या साऱ्या चिठ्ठ्या सालवार लावायच्या, मग त्यातून अर्थांच्या शाखा वेगळ्या करायच्या. कोणत्या अर्थातून कोणता अर्थ फुटला ते ठरवायचे, प्रत्येक अर्थाचा पहिला पुरावा वर ठेवायचा आणि अर्थ लोपला असेल तर शेवटचाही द्यायचा. लोपलेल्या शब्दाआधी कट्यारीच्या आकाराची खूण छापली जाई. त्या खुणेचा शब्द कोशाबाहेर जात नव्हता. जिवंत शब्दाइतकीच जागा, तितकीच काळजी त्याच्याही वाट्याला येत होती.

या रीतीने काय साधते ते 'लेट' या शब्दावरून दिसते. आज त्याचा अर्थ 'होऊ देणे'. पण जुन्या इंग्रजीत अगदी याच्या उलट, 'अडवणे' या अर्थाचे दुसरे क्रियापद होते आणि काळाच्या ओघात दोन्हींचे रूप सारखे झाले. शेक्सपिअरचा हॅम्लेट भुताच्या मागे जाताना मित्रांना धमकावतो, तिथे हाच अडवणारा 'लेट' आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून गेली की 'लेट' म्हणतात, तिथेही तोच. आणि भारतीय पासपोर्टच्या पहिल्या पानावर, राष्ट्रपतींच्या नावे या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्यावे अशी जी विनंती छापलेली असते, तिच्यातही हा जुन्या इंग्रजीतला शब्द आजही काम करतो आहे.

पुराव्याच्या आग्रहामुळे खोटे शब्दही उघडे पडले. 'अबॅकॉट' म्हणजे इंग्लंडच्या राजांची मुकुटासारखी टोपी, असे अनेक कोश पिढ्यानपिढ्या सांगत आले होते. मरेने माग काढला तेव्हा कळले की असा शब्द कधी नव्हताच. 'बायकॉकेट' नावाच्या टोपीचे नाव जुन्या बखरींच्या छपाईत बिघडत गेले आणि एका कोशाने दुसऱ्याची नक्कल केली. १८८२ साली मरेने हे जाहीर केले.

याच कालक्रमाच्या पद्धतीने हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश सिद्ध केला. इंग्रजीतला 'माँगूस' हा आपल्या मुंगुसावरून गेला, याचा पुरावा त्यात आहे तो डॉक्टर जॉन फ्रायरचा. शिवकाळात मुंबई-जुन्नर फिरलेला आणि आपल्या इतिहासग्रंथांतून परिचित असलेला हाच तो फ्रायर.

शेवटचे अक्षर

एका माणसाच्या आयुष्यात हे काम संपणार नाही हे उघड झाल्यावर प्रकाशकांनी आणखी संपादक नेमले. हेन्री ब्रॅडलीने पहिल्या भागाचे अत्यंत जाणकार परीक्षण लिहिले होते. त्याच बळावर तो १८८८ साली संपादक झाला. १९०१ मध्ये विल्यम क्रेगी आणि १९१४ मध्ये चार्ल्स अन्यन्स त्यांना मिळाले. चार संपादक, चार गट, वेगवेगळी अक्षरे. १९०८ साली मरेला 'सर' किताब मिळाला. जवळजवळ निम्मा कोश त्याच्या हातून उतरला. 'टी' अक्षर चालू असताना २६ जुलै १९१५ रोजी तो वारला.

तोवर महायुद्ध पेटले होते आणि तरुण मदतनीस सैन्यात गेले होते. युद्धानंतर आलेल्यांत जे. आर. आर. टोल्किन होता. १९१९-२० मध्ये त्याने 'डब्ल्यू' अक्षरातले 'वॉलनट', 'वॉलरस', 'वॉस्प' असे शब्द सांभाळले. पुढे कथांतून नव्या भाषा रचणाऱ्या या लेखकाची जडणघडण याही टेबलावर झाली. ब्रॅडली १९२३ साली गेला. १९ एप्रिल १९२८ रोजी अखेरचा भाग बाहेर पडला.

हिशेब असा होता: १५,४९० पाने, ४,१४,८२५ शब्द, १८,२७,३०६ अवतरणे. जूनमध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांच्या उपस्थितीत समारंभ झाला. ट्रेंच, कोलरिज, फर्निव्हल, मरे, हॉल, मायनर यांच्यापैकी कोणीही तो पाहायला हयात नव्हते.

काय मिळाले, काय निसटले

या कोशाने पहिली गोष्ट साधली ती जुने लेखन न्यायाने वाचण्याची. १६११ च्या इंग्रजी बायबलात 'प्रिव्हेंट' येतो तो 'आधी येणे' या अर्थाने. आजचा 'रोखणे' तिथे लावला की वाक्य कोसळते. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत 'डोमेस्टिक व्हायोलन्स'पासून राज्यांना संरक्षण देण्याची तरतूद आहे. ते शब्द राज्यातल्या बंडाळीविषयी आहेत, आजच्या घरगुती हिंसाचाराविषयी नाहीत. असे गैरसमज कायदा, धर्म आणि इतिहास तिन्ही ठिकाणी महाग पडतात. अर्थ सालासह सांगितला की वाद पुराव्यावर येतो.

दोषही मोठे होते आणि ते झाकण्यात अर्थ नाही. स्वयंसेवक ग्रंथ वाचत होते. बाजारातली, गिरणीतली, स्वयंपाकघरातली भाषा त्यांच्या जाळ्यात कमी सापडली. शेक्सपिअरची अवतरणे मुबलक आली, त्याच्या समकालीन अप्रसिद्ध लेखकांची तुरळक, म्हणून अनेक शब्दांच्या पहिल्या वापराचे श्रेय त्याला गरजेपेक्षा जास्त मिळाले. अश्लील मानलेले काही अतिपरिचित शब्द सोज्वळपणापायी गाळले गेले आणि ते १९७२ पासूनच्या पुरवणी खंडांत आले. 'बाँडमेड' म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या हरवल्याने तो मुख्य कोशातून सुटला आणि १९३३ च्या पुरवणीत घ्यावा लागला. पण पद्धतच अशी होती की चूक सापडली की दुरुस्तीला वाट असे. आणखी जुना पुरावा घेऊन या, नोंद बदलू, हे या कोशाचे वचन आहे. १९८९ ची वीस खंडांची दुसरी आवृत्ती आणि २००० पासूनची संगणकीय आवृत्ती याच वचनावर चालल्या.

हे तत्त्व पुण्यातही रुजले. डेक्कन कॉलेजमध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत कोशाचे काम सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या गोळा झाल्या आणि त्या ठेवलेल्या दालनाचे नावही 'स्क्रिप्टोरियम'च आहे. छापील भाग १९७६ पासून येऊ लागले आणि त्यानंतर चाळीस वर्षांनीही कोश 'अ'मध्येच होता. मराठीत दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्राचीन ग्रंथांतली अवतरणे दिली. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९९९ साली प्राचीन मराठीचा कोश शिलालेख आणि महानुभाव ग्रंथांच्या आधारे सिद्ध केला.

मरे चिठ्ठ्या लावत होता त्याच काळात इतिहासाचार्य राजवाडे महाराष्ट्रात दप्तरे धुंडाळत फिरत होते. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला आणि बखरीतल्या ऐकीव हकिकतीपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ, ही शिस्त आपल्याला लावली. मरेने शब्दांसाठी तीच शिस्त लावली. यादवकालापासून आजवरच्या साऱ्या मराठीचा, प्रत्येक अर्थाला साल आणि पुरावा देणारा कोश अजून व्हायचा आहे. ताम्रपट, मोडी दप्तरे, संतवाङ्मय, वृत्तपत्रे, ओव्या ही सामग्री आपल्यापाशी आहे. विद्वान त्याची रचना ठरवतील. पण लंडन-ऑक्सफर्डच्या ७१ वर्षांनी दाखवून दिले की असा कोश शेवटी उभा राहतो तो शेकडो सामान्य वाचकांच्या श्रमांवर, ज्यांना आपल्या भाषेतला एकही शब्द नोंदीवाचून जाऊ द्यायचा नसतो. असे वाचक महाराष्ट्रात आहेत. त्यांना हाक घालणारी आणि त्यांच्या चिठ्ठ्या नीट सांभाळणारी संस्था आपण उभी केली पाहिजे.